ढगाची सावली

प्रिय रोवेना,

हे पत्र टपालाने येणार नाही. शेजारी नांगर टाकून असलेल्या बोटीवरचं जोडपं शनिवारी विमानाने हॅलिफॅक्सला निघालंय, त्यांच्याकडे देतोय. इकडची रीतच ती, उत्तरेला जाणाऱ्याच्या पिशवीत सगळ्यांची पत्रं असतात. फोन केला असता, पण आपल्या 'डॉर्कस' बोटीवर कुजबुजलेलंही या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू जातं. तुझी आई आता फोन सोबत घेऊन किनाऱ्यावर कपडे धुवायला गेली आहे, म्हणून लिहायला बसलोय.

आम्ही अजून एक्झुमा बेटांतच आहोत. वारा पूर्वेचा, एकसारखा. मागच्या आठवड्यात पाऊस चांगला झाला, टाक्या भरल्या, आईने गोड्या पाण्याने केस धुतले आणि दिवसभर राणीसारखी वावरली. पाव अजूनही एका बाजूने करपतो आणि करपलेली बाजू अजूनही माझ्याच ताटात येते. क्लिओफस, तो शंख काढणारा, रोज सकाळी होडी वल्हवत येतो आणि आपल्या कठड्याला धरून गप्पा मारतो. परवा म्हणाला, "एल्डन, म्हातारीच्या हातचं खाऊन फुगलायस लेका, बोट एका अंगाला कललीय बघ." आई आतून म्हणाली, "म्हातारी कोणाला म्हणतोस रे? तुझ्या बायकोच्या कानावर घालू का?" तो हसत हसत गेला. जाताना एक मोठा शंख सोलून खायला ठेवून गेला.

पण तुला आईच्या डोळ्यांबद्दल सांगायचं आहे. इथल्या उथळ पाण्यात आपण रंग बघून बोट चालवतो, ते तुला ठाऊक आहे. गडद निळं म्हणजे खोल, पिवळट म्हणजे वाळू वर आली, तपकिरी म्हणजे पोवळ्याचा खडक. आई पुढच्या टोकावर उभी राहून हात दाखवते आणि मी मागे सुकाणू धरतो. इतक्या वर्षांत अशा पाण्यात मी स्वतः कधी पाहिलंच नाही. प्रार्थनेला डोळे मिटावेत तसा मी तिच्या हातावर विसंबून असायचो.

फेब्रुवारीत एका भर दुपारी तिचा हात सरळ पुढे होता आणि डावीकडून बोट खडकाला घासून अडकली. आवाज असा की माझ्या दातांत कळ गेली. आई वळली आणि म्हणाली, "मला ढगाची सावली वाटली." ढगाची सावली पाण्यावर तपकिरीच दिसते, तिने मुरलेले खलाशीही फसतात. मी वर पाहिलं. आकाशात एकही ढग नव्हता. मी म्हटलं, "होतं असं कधी कधी."

भरतीला क्लिओफसने दोरी लावून आम्हाला ओढून काढलं. बोटीला फार लागलं नव्हतं. दोरी सोडताना तो म्हणाला, "मर्नाताई, हा खडक तर आमच्या चर्चमधल्या आंधळ्या बाजेवाल्यालाही दिसला असता." तो नेहमीसारखंच चिडवत होता. आई एरवी त्याला दोन शब्द जास्तच ऐकवते. त्या दिवशी ती सरळ खाली निघून गेली. क्लिओफसने माझ्याकडे बघितलं आणि टोपी काढून हातात धरली.

त्यानंतर मी तिला पाहू लागलो. डावीकडून चहाचा कप पुढे केला की तिचा हात यायचा नाही. समोर धरला की लगेच घ्यायची. शिडाच्या दांड्याला कपाळ आपटायची आणि बोट हलली म्हणायची. बोट हललेली नसायची. शेवटी एका रविवारी प्रार्थनेनंतर मी विचारलं, "मर्ना, कधीपासून?" ती म्हणाली, "दोन हिवाळे झाले असतील. तू घरी चल म्हणशील म्हणून बोलले नाही."

नासाऊला जाऊन डॉक्टरीणबाईंना दाखवलं. काचबिंदू आहे. मी गावच्या शाळेत शिकलेला माणूस, सगळं कळलं नाही, पण एवढं कळलं की नजर कडेकडेने जाते, दुखत नाही, आणि मधलं स्वच्छ दिसत राहतं म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली थेंबांनी राखता येते. आईने त्यांना एकच विचारलं, "बोट?" त्या म्हणाल्या, "समोरचं दिसतं ना, मग जपून चालवा." आता सुकाणू आईकडे आहे आणि पुढे मी उभा राहतो. खडक दिसला तरी माझा हात उशिरा वळतो. ती मागून ओरडते, "अरे, झोपलास का?" सकाळ-संध्याकाळ तिचं डोकं मांडीवर घेऊन मी थेंब घालतो. बोट डुलत असते, एखादा थेंब गालावर पडतो. मी मनात देवाचं नाव घेतो. काही मागत नाही. तिचं उरलेलं त्याच्यापुढे ठेवतो, एवढंच.

आता ज्यासाठी कागद घेतला ते. डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं की तिच्या आईला हे होतं का. तुझी आजी शेवटी भिंती चाचपत चालायची. गाव म्हणायचं, म्हातारपण. मग त्यांनी विचारलं, मुलंबाळं? म्हणाल्या, हे रक्तातून येतं, तरुणपणीही येऊ शकतं, वेळेवर कळलं तर एका डोळ्याचंही नुकसान होत नाही. परतीच्या वाटेवर आई म्हणाली, "रोवेनाला मी सांगेन, घरी गेल्यावर, समोर बसून." तिला वाटतं तिनेच तुला काही वाईट दिलंय, आणि ते तुझ्या तोंडाकडे बघूनच सांगायला हवं. मी कबूल झालो होतो. पण गेल्या रविवारी तू फोनवर हसत हसत सांगितलंस की गाडीचा डावा आरसा फाटकावर दुसऱ्यांदा तुटला. आई हसली नाही. मीही नाही. काही नसेलही. तरी याच आठवड्यात जा, बाळा, आणि डोळ्यांतला दाब मोजून घे. आम्ही जूनमध्ये येऊ. आई तुला स्वयंपाकघरात बसवून सगळं सांगेल तेव्हा तिला मध्येच थांबवू नकोस. पहिल्यांदाच ऐकतेयस, अशी ऐक. एवढं लपवणं देव पोटात घालेल.

तुझ्या डोळ्यांसाठी हात जोडून बसलेला,
तुझाच,
बाबा