कॅप्टनने दार का लावलं नाही, याबद्दल

ती. मॉरीनताईस,

ग्रिम्सबीहून धाकट्या क्लाइव्हचा साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? नॉर्मनभावोजींची कबुतरं खुशाल ना? इकडे सर्व क्षेम. तुझ्या परीक्षणाचा मला राग आलेला नाही, हे आधीच सांगतो. गेले काही रविवार तुझ्याकडे जेवायला आलो नाही, ते केवळ पोट बिघडल्यामुळे. (पोट उत्तम आहे.)

‘धूमकेतू सात’ ही मालिका आपण लहानपणी एकाच सोफ्यावर भांडत पाहिली. तिच्या दर नाताळला निघणाऱ्या पुस्तकात यंदा माझी गोष्ट आली, दीड पानाची का होईना, आणि मालिकेच्या रसिक मंडळाच्या अंकात तू त्या गोष्टीवर चार पानं लिहिलीस. नाकापेक्षा मोती जड. मंडळाला गोष्ट आवडली तर मालिकेवरची पुढची कादंबरी तुम्हाला लिहायला देऊ, असं प्रकाशकबाई म्हणाल्या होत्या. हे तुला ठाऊक होतं, ताई.

तू विचारतेस, कॅप्टन अंतराळयानाचं दार उघडून बाहेर पडतो आणि ते लावतच नाही, तर आतल्या माणसांचं काय झालं? काही झालं नाही. कुणाला काही होताच कामा नये, असा मालिकावाल्यांचा नियम आहे. गोष्टीत कुणी मरायचं नाही, कुणाचं लग्न जमायचं नाही, कुणी काही शिकायचं नाही; शेवटी सगळे जिथल्या तिथे. (आपल्या चर्चच्या कमिटीसारखं.) खलनायकाला मी दरीत ढकलला, तर त्यांचा फोन: ‘अहो, त्याची बाहुली दुकानात लागलीय, वर काढा त्याला.’ काढला. तू नावं ठेवलेल्या जांभळ्या गाईचंही तसंच. चित्रकाराने चित्र आधीच काढून ठेवलं होतं, त्यात गाय होती, म्हणून गोष्टीत गाय घातली. ती परग्रहावर काय खाते, हे मी नीट लिहिलं होतं; पण पानाच्या तळाशी ऐनवेळी टूथपेस्टची जाहिरात आली आणि गाईचा चारा गेला, त्याच्याबरोबर गोष्टीचा शेवटही. ‘लेखक शेवट करायला विसरला असावा’, असं तू खुशाल लिहून मोकळी झालीस. परवा तळलेल्या मासळीच्या दुकानात भावोजी रांगेतून ओरडले, ‘काय रे क्लाइव्ह, गाय दूध देते का?’ सगळी रांग हसली, तळणारासुद्धा. मला फार लागलं, ताई. परक्याने लिहिलं असतं तर मी दोन शिव्या घालून झोपलो असतो.

असो. गुडघा शेकत जा. भावोजींना नमस्कार सांग (मनापासून नको). लोभ होता तेवढा तरी ठेव.

तुझा,
क्लाइव्ह

ता. क. प्रकाशकबाईंचा फोन आला होता. माझ्या गोष्टीबद्दल अवाक्षर नाही. तुझं परीक्षण मात्र वाचलेलं. म्हणाल्या, ‘ह्या बाईंना मालिका तुमच्यापेक्षा जास्त कळते हो. कादंबरी लिहितील का, विचारा ना.’ मी विचारणारच नव्हतो. मग वाटलं, निदान आपल्या घरात तरी राहील. तेव्हा तुझ्या वतीने हो सांगून टाकलंय, आता माघार घेऊ नकोस. नियम तुलाही लागू आहेत.

आणखी एक. आपल्याच पुस्तकावर कुणी परीक्षण लिहीत नाही, म्हणजे अंकातली तुझी जागा रिकामी होणार. ती मला मिळावी, एवढ्यासाठीच हे पत्र. तू अजून एक ओळही लिहिलेली नाहीस, पण तीन उणिवा मी आत्ताच काढून ठेवल्या आहेत.