एकशे बारा टक्के

२ ऑगस्ट

आजपासून शिस्त. प्रबंधाचं रोज एक पान लिहायचं. पान म्हणजे पान, मग आभाळ कोसळो.

बायकोची बढती पक्की झाली. दुसऱ्या शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात आहारतज्ज्ञ, एक सप्टेंबरला हजर व्हायचं. मागेही असंच बोलावणं आलं होतं, ते तिनं माझ्या पीएचडीपायी सोडलं. या वेळी सोडणार नाही म्हणाली. आवाज चढवला नाही, हेच वाईट. मी म्हणालो, सोडूच नकोस, महिनाअखेर माझं काम संपतंय, तिघंही एकदमच जाऊ. मुलीनं लगेच विचारलं, शप्पथ? मी म्हणालो, शप्पथ. विज्ञानाच्या माणसानं शपथा घेऊ नयेत, पण आकडे माझ्या बाजूनं आहेत.

३ ऑगस्ट

पान झालं नाही. आधी निकाल, मग लेखन. उलटं केलं की खाडाखोड वाढते.

विषयाची उजळणी केली, म्हणजे दिवस अगदीच वाया गेला असं नाही. बाकीची लॅब प्लॅस्टिक बनवायला टोल्युइनसारखे घाण वासाचे, उडून जाणारे सॉल्व्हंट, म्हणजे द्रावक, वापरते. मी आयॉनिक लिक्विड वापरतो. खरं तर ते मीठच, पण साध्या खोलीतही पातळ राहणारं, मधासारखं दाट. वास नाही, सहजी पेट घेत नाही, आणि मुख्य म्हणजे उडत नाही. लहान रेणू एकमेकांना जोडले जाऊन प्लॅस्टिकची साखळी वाढते, आणि दोन वाढत्या साखळ्यांची टोकं भेटली की दोघींची वाढ तिथंच खुंटते. माझ्या दाट सॉल्व्हंटमध्ये टोकांना एकमेकांपर्यंत पोचणंच जड जातं, म्हणून साखळ्या वाढतच राहतात. जेवताना बायकोला हे लग्नाचं उदाहरण देऊन समजावलं. उदाहरण चुकलं.

९ ऑगस्ट

शेजारच्या टेबलावरची टोल्युइनबाई प्रबंधाचं शेवटचं प्रकरण लिहितेय. (हे नाव मीच ठेवलंय. आयुष्यात तिनं दुसरा सॉल्व्हंट वापरला नाही.) लॅबमध्ये माझ्यानंतर आली आणि बासष्ट टक्के यील्डवर खूश आहे. म्हणजे शंभर ग्रॅम कच्चा माल घातला तर बासष्ट ग्रॅम प्लॅस्टिक, आणि बाई समाधानी! अल्पसंतुष्ट.

मला नव्वदीच्या वर हवंय. त्याशिवाय सरांच्या केबिनची पायरी चढायची नाही. सर माझे गाईड, मनानं चांगले, पण सारखे म्हणतात, आहे तेवढं लिहून आण. त्यांना माझी झेप माहीत नाही.

१२ ऑगस्ट

प्रयोग नासला. फ्लास्कमध्ये नायट्रोजन सोडून आतला ऑक्सिजन घालवावा लागतो, नाहीतर साखळी सुरूच होत नाही. नायट्रोजनचा सिलिंडर रिकामा होता. तो भरून आणायचं काम या महिन्यात माझ्याकडे आहे, पण तो वेगळा मुद्दा.

घरी सामानाची खोकी आलीत. माझी पुस्तकं मी भरीन म्हणून कबूल केलंय. उद्या.

१३ ऑगस्ट

खोकी: उद्या. पान: उद्या.

१७ ऑगस्ट, सकाळी

दहा ग्रॅम कच्चा माल घातला होता. तयार मिश्रण मेथॅनॉलमध्ये ओतलं, प्लॅस्टिक पांढरंफटक खाली बसलं, गाळलं, व्हॅक्यूम ओव्हनमध्ये वाळवलं. वजन अकरा पूर्णांक दोन ग्रॅम. एकशे बारा टक्के!

दुपारी

काटा तपासला. बरोबर आहे. शंभराच्या वर जाता येत नाही असं पाठ्यपुस्तकं म्हणतात, पण पाठ्यपुस्तकं टोल्युइनवाल्यांनी लिहिली आहेत. सरांना मेल पाठवला. विषयाच्या ओळीत तीन उद्गारचिन्हं.

संध्याकाळी

बायको मुलीच्या कपड्यांच्या घड्या घालत होती. बातमी ऐकून म्हणाली, घातलं त्याहून जास्त निघेल कसं? मी म्हणालो, तेच तर! ती म्हणाली, पेशंटला वजनकाट्यावर उभं करताना मी आधी बूट काढायला लावते. तिला केमिस्ट्री कळत नाही. तरी नंतर जेवण गेलं नाही.

१९ ऑगस्ट

सरांनी एनएमआर काढायला लावला. नमुन्यात नेमकं काय काय आहे ते दाखवणारा आलेख. तर, प्लॅस्टिक आहे. आणि आयॉनिक लिक्विडही आहे. चिक्कार. उडत नाही ना, ओव्हनमध्ये कितीही तापवा, आत दडी मारून बसलंय.

टोल्युइनबाईनं आलेख पाहिला. बिस्किटांचा पुडा माझ्याकडे सरकवला. ही दया होती. चार खाल्ली.

२० ऑगस्ट

नीट विचार केला. हे अपयश नव्हेच. प्लॅस्टिकनं सॉल्व्हंट पोटात धरून ठेवला, म्हणजे हा नवा पदार्थ! वाकवून पाहिला, वाकला. धावत जाऊन सरांना सांगितलं. सर म्हणाले, धू.

२४ ऑगस्ट

धुतोय. विरघळवायचं, पुन्हा मेथॅनॉलमध्ये पाडायचं, वाळवायचं, वजन करायचं. एकशे एक. पुन्हा. अठ्ठ्याऐंशी. जितकं स्वच्छ तितकं कमी.

मला भीती वाटतेय. इथं लिहायला हरकत नाही, कुणी वाचत नाही. अठ्ठ्याऐंशीवर थांबावं असं मनात आलं. पण सर पुन्हा आलेख मागतील. मुलीनं तिची चित्रं भिंतीवरून स्वतःच काढली आणि माझं काढू का, असं माझ्या रोज एक पानाच्या वेळापत्रकाकडे बोट दाखवून विचारलं. राहू दे म्हणालो.

२८ ऑगस्ट

चौसष्ट. आता आणखी घटत नाही, आलेख स्वच्छ. टोल्युइनबाईपेक्षा दोन टक्के जास्त. दोन.

बायकोला म्हणालो, तुम्ही दोघी पुढे व्हा, मी एक शेवटचा प्रयोग करून लवकरच येतो. भांडेल असं वाटलं होतं. उत्तरं मुद्देसूद तयार ठेवली होती. ती बरं म्हणाली. माझ्या पुस्तकांचं खोकं रिकामंच होतं, त्यात तिनं भांडी भरली. मुलगी शपथेबद्दल एक अक्षर बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

३१ ऑगस्ट

गेल्या. बसपर्यंत सोडायला गेलो होतो. मुलगी खिडकीशी होती, बस वळेपर्यंत हात हलवत होती. परत आलो तर घरात माझाच आवाज येतोय.

आता लिहायला आदर्श शांतता. एक ओळ लिहिली. खोडली.

३ सप्टेंबर

मुदतवाढ मागायची म्हणून चौसष्ट टक्के घेऊन सरांकडे गेलो. सर यील्डकडे बघेनातच. साखळीच्या लांबीचे आकडे बघत बसले आणि चक्क खूश झाले. टोल्युइनमधल्यापेक्षा साखळी कितीतरी लांब आहे, खरी गोष्ट ती आहे, टक्क्यांचं काय घेऊन बसलास, म्हणाले. मग कपाटातून माझे गेल्या वर्षीचे आकडे काढले. त्यातही तेच दिसत होतं. एवढ्यावर प्रबंध होतो, गेल्या वर्षीच झाला असता, लिहून आण म्हणून घसा कोरडा केला मी, म्हणाले.

मी विचारलं, मग लॅबमध्ये बसून लिहू ना? सर म्हणाले, लिहायला लॅब कशाला? कुठंही बस. तुझं टेबल सोमवारपासून नव्या मुलीला दिलंय.

जिन्यात बराच वेळ बसलो. म्हणजे त्या बसमध्ये मीही बसू शकलो असतो. मला इथं कुणीही थांबवलं नव्हतं.

संध्याकाळी

फोन केला. उद्याच येतो म्हणालो, सगळं सामान घेऊन, कायमचा. ती म्हणाली, घर एका खोलीचं आहे, दोघींपुरतं. कधी घेतलंस, असं मी विचारलं. ऑगस्टच्या पहिल्याच आठवड्यात, म्हणाली. रागानं नाही, वस्तुस्थिती सांगावी तसं. तेव्हा तर मी येणारच होतो! हे फक्त इथं लिहितोय. रविवारी ये, ती म्हणाली.

मग मुलीनं फोन घेतला. बाबा येणार म्हणून तिच्या उड्या ऐकू येत होत्या. किती दिवस राहणार आहेस, असं विचारलं. मी म्हणालो, तू म्हणशील तेवढे. थांब हं, आईला विचारून सांगते, म्हणाली.

मी फोन धरून थांबलो.