दिवा फक्त आठ तास

३ मार्च
टेस्ट किटवर फॉस्फेट शून्य, तरी शेवाळ वाढतं कसं? मी बी.एस्सी. झूऑलॉजी, शिंप्याची मुलगी, घरातली पहिली पदवीधर. पण उत्तर माझ्याकडे नाही. काचेच्या टाकीत चाळीस लिटर खारं पाणी, एक क्लाउनफिश, दोन कोरल, आणि सगळ्यावर हिरवी दाढी.
संकल्प: दिवा रोज फक्त आठ तास. टायमर लावला. पंधरा दिवसांत काच स्वच्छ.

६ मार्च
अप्पांनी शिलाई मशीन खिडकीपासून हलवून टाकीशेजारी आणलं. आई म्हणाली, जायला-यायला जागा राहिली नाही. मी म्हटलं, असू दे, या घरात कुणाला तरी विज्ञानाची गोडी लागतेय. आई डाळ निवडत राहिली.

११ मार्च
टूथब्रशने दगड घासले. दोष नळाच्या पाण्याचा. आजपासून फक्त आरओचं. आई म्हणते, आम्ही नळाचं प्यायचं आणि माशाला फिल्टरचं. तिला समजावायला वेळ लागेल.

१४ मार्च, सकाळी ७
टायमर खाली पडलेला, दिवा थेट सॉकेटमध्ये. मीच गडबडीत लावला असणार. यापुढे नीट लक्ष.

१९ मार्च
जयलक्ष्मीपुरमला राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीकडे, दीपश्रीकडे, मोठी टाकी आहे. तिने विचारलं, दिवसभर घरी कोण असतं? म्हटलं, अप्पा, टाकीसमोरून हलत नाहीत. तिने पुन्हा विचारलं, दिवसभर? तिच्या घरी एवढा रस कुणी घेत नसावं.

२३ मार्च
पाण्यावर काळ्या दोऱ्याचे तुकडे. अप्पांना अर्धा तास फोटोसिंथेसिस समजावलं. वकिलांच्या काळ्या कोटाला काजं करत ते मान हलवत होते. शेवटी मला, त्यांच्या पुट्टीला, एकच विचारलं, दिवा अजून थोडा खाली येतो काय? कोरलला जवळचा उजेड लागतो, हे त्यांना न सांगता कळलं! चार बोटं खाली घेतला.

२९ मार्च
शेवाळ दुप्पट. माशाचं खाणं निम्मं केलं. शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी मागवल्या.

३ एप्रिल, दुपारी
एक कोरल गेलं. गोगलगायी काचेला चिकटून नुसत्या बसल्यात.
अप्पांना विचारलं, तुम्ही सारखे इथे असता, मासा खातो ना नीट? ते दिव्याला नाक लावून सुईत दोरा ओवत होते. तिसऱ्यांदा.
"त्यात मासा पण आहे काय, पुट्टी?"
भडक नारिंगी मासा. त्यांच्या कोपरापासून वीतभर.
मग आईने सांगितलं. दिवाळीपासून त्यांना काळ्यावर काळा दोरा दिसत नाही. कोटांचं काम सुटलं तर हातात दुसरं काम नाही. रात्री शिवायला टायमर तेच काढतात, मी उठायच्या आत परत लावतात. एकदा राहून गेला. मला सांगायचं नाही म्हणाले, शिकलेली पोर, डॉक्टरकडे ओढत नेईल.

४ एप्रिल
सकाळी दीपश्री मासा, उरलेलं कोरल आणि गोगलगायी घेऊन गेली. डोळ्यांच्या दवाखान्यात सोमवारची वेळ घेतली. अप्पा म्हणाले, आधी एवढे कोट होऊ देत.
टाकी रिकामी करून घासली. काच एकदम स्वच्छ.
दिवा मशीनच्या वर ठोकलाय. टायमर न लावता.