दुसरा खिळा

न्हाई उस्ताद, काचेतून करंट जात न्हाई. हे मी तुम्हाला तेव्हाबी सांगितलं होतं अन् तुम्हाला जाऊन पाच वर्षं झाली तरी तेच सांगून राह्यले. सोन्यातून जातो, चांदीतून जातो, तुमच्या त्या तांब्याच्या कड्यातून तर पळत जातो. काचेतून बिलकुल न्हाई. पुस्तकात लिहिलंय. तुम्ही म्हणायचे, "पुस्तकात मोटर जळत न्हाई." मंग पक्कड उचलून दुसरीकडं बघायचे, म्हणजे भांडण संपलं. तुमच्यापुरतं.

तो पहिला दिवस तुम्हाला किती आठवत असेल माहीत न्हाई. मला कपड्यांसकट आठवतो. त्याआधी तीन वर्षं मी तुमच्या जाफराबादच्या दुकानात पँट-शर्ट घालून मोटरी भरत होते. जळालेली तार उपसायची, नवी तार एकेक वेढा मोजून खाचेत बसवायची, वार्निश पाजायचं. बी.ए. झालेलं पोरगं हे काय करून राह्यलं, असं गिऱ्हाईकं विचारायची. लोकांनी जन्मापासून मला पोरगा म्हणलं, मी स्वतःला कधीच म्हणलं न्हाई, एवढीच गोष्ट होती. मंग एका दिवाळीच्या सुट्टीत मी ठरवलं की पुरे झालं. जालन्याच्या बाजारात बांगड्या भरायला बसले. कासारणीनं माझा पंजा दाबून दाबून घाम काढला अन् शेवटी म्हणाली, "अवं बाई, हात हाय का पाना? काय काम करता?" बाई म्हणली ती. एसटीत जाफराबाद येईपर्यंत मी तेवढंच ऐकत आले.

दुकानात चार माणसं बसल्ती. मी जांभळ्या ड्रेसात, दोन्ही हातांत सहा-सहा हिरव्या बांगड्या. तुम्ही मोटरीतून मान वर काढता. वरपासून खालपर्यंत बघत न्हाई, सरळ हाताकडं बघता. "ते काढ, मंग हात लाव." बाकड्यावरचा एक जण फिस्सकन हसतो. मी पिशवी उचलते अन् चालायला लागते, ते थेट बदनापूरला मावशीकडं. मावशीनं ताट वाढलं. मी आठ दिवस तिथं बसून तुम्हाला मनात शिव्या दिल्या. घरच्यांनी तोंड फिरवलं त्याचं एवढं लागलं नव्हतं. तुमचं लागलं, कारण तुम्ही तसं वागाल हे मी धरलंच नव्हतं.

आठव्या दिवशी तुमचा फोन. ना हालहवाल, ना कशी आहेस. "पाच हॉर्सपॉवरची मोटर उघडी पडली दोन दिवसांपासून. खाचा बारीक हायेत. माझी बोटं जात न्हाईत."

"अन् माझ्या बांगड्या?"

"मी बोटांचं बोललो," म्हणून तुम्ही फोन ठेवला.

दाराजवळच्या भिंतीत एक खिळा होता. कामाला बसायच्या आधी तुम्ही त्याला घड्याळ, अंगठी अन् ते कडं अडकवायचे. तीन वर्षं रोज बघितलेलं, अन् रागाच्या आठ दिवसांत मला एकदाबी आठवलं न्हाई. परत आले तर त्याच्या शेजारी दुसरा खिळा. नवाकोरा, माझ्या हाताला येईल एवढ्या उंचीवर. त्याला रबरी नळीचा तुकडा चढवलेला, काचेला टोचू नये म्हणून. तुम्ही मोटरीत डोकं घालून म्हणाले, "चहा सांग दोन."

ही गोष्ट मी कोणाला सांगितली की त्यांना वाटतं पुढं तुम्ही काहीतरी मोठं बोलला असाल, माणसाबद्दल, मनाबद्दल. मला लिहायची खाज आहे, वाक्यं सुचतात, एखादं तुमच्या तोंडी घालायचा मोह लई होतो. पण तुम्ही चहा सांगितला, अन् तोबी बिनसाखरेचा.

मंग रोजची किरकिर सुरू झाली. "काच फुटंल. तुकडा खाचेत जाईल. तारेचं कातडं सोलंल. मोटर जळंल." मी म्हणायची, आजपर्यंत फुटली का? "तू काढती म्हणून." अशी सहा वर्षं. तुम्हाला दुसरं कारण नव्हतं अन् मला दुसरं उत्तर.

एका सकाळी तुम्ही कडं खिळ्याला अडकवलं, अन् संध्याकाळी ते घालायला तुम्ही नव्हते. ते अजून तिथंच आहे. दुकान मी चालवते, चांगलं चालवते. नवीन माणूस येतो, "कारागीर कुठंय?" विचारतो, मी म्हणते बसा, अन् त्याच्यासमोर त्याची मोटर खोलते. तो बाकडं पुढं ओढून बघत बसतो. तेवढी मजा मी सोडत न्हाई. पण तुम्ही गेल्यापासून बांगड्या मी काढल्या न्हाईत. ठरवून. बांगड्या घालून कामाला बसलं की तुम्ही मागं उभे राहून किरकिर करताय असं वाटायचं. मला ती पाहिजे होती.

मागच्या आठवड्यात पिंपळगाव रेणुकाईच्या एका बाईची मोटर जळून परत आली. मीच भरल्ती, महिनाबी झाला नव्हता. बाई समोर बसल्ती. खोलली, काळी पडलेली तार उपसली, अन् खाचेत हिरवा तुकडा. तांदळाच्या कणीएवढा. तिला दिसला नव्हता. व्होल्टेजनं जळली म्हणलं की आपल्या जिल्ह्यात कोणी पुढं विचारत न्हाई, तुम्हाला माहितीय. शब्द तोंडात आल्ता. मंग भिंतीकडं नजर गेली.

"मावशी, चूक माझी हाय. माझी बांगडी फुटल्ती."

तिनं तुकडा तळहातावर घेतला, उजेडात धरला. "अगं माय! माझी भाकर थापताना फुटल्ती एकदा. मालकाच्या दातात आली. दोन दिवस बोलला न्हाई माणूस, तेवढीच शांती." हसून हसून तिला ठसका लागला. मंग म्हणाली, "तवापासून पिठात हात घालायच्या आधी फळीवर काढून ठेवती. तुमच्याकडं फळी न्हाई का, बाई?"

"खिळा हाय."

"मंग?"

मंग काय, उस्ताद. रबर कडक होऊन चिरलं होतं, नवं चढवलं. बांगड्या अडकवल्या. मोटर परत भरली, अन् या खेपेला मागं कोणी किरकिर केली न्हाई. हात मात्र लई हलके चालले.

काचेतून करंट जात न्हाई, हे मी मरेपर्यंत म्हणणार. पण बांगडी फुटते. तेवढं तुमचं बराबर होतं. हे पत्र कुठं टाकणार न्हाई, अन् आता तुम्ही घसा साफ करून 'मी काय म्हणलो व्हतो' सुरू करायच्या आत मी निघते. मोटर जीपमध्ये चढवलीय, पिंपळगावला बाई वाट बघतेय. शटर ओढलं.