घरगुती बंदुकांच्या बाजूने पाच मिनिटं

३ फेब्रुवारी, मंगळवार
आजपासून मी सरकारच्या विरोधात आहे. याआधी कुणाच्याच विरोधात नव्हतो, त्यामुळे जरा जड जातंय.
हार्डवेअर स्टोअरमध्ये माझ्यासोबत काम करणारा वेन शिकारीला जातो. त्याने लंच ब्रेकमध्ये सांगितलं की घरी बनवलेल्या बंदुकांवर निर्बंध आणणारं बिल येतंय. सुटे भाग, प्रिंटरवर भाग छापायच्या फाइल्स, सगळंच त्यात आहे. म्हणाला, दे आर कमिंग फॉर युअर प्रिंटर, मेट.
माझ्याकडे थ्री-डी प्रिंटर आहे. बंदूक कधी छापलेली नाही. पडद्याचे हुक छापतो. ते तुटतात. पण प्रश्न तत्त्वाचा आहे.
पार्लमेंटची कमिटी कुणाचंही लेखी म्हणणं घेते. मागितली तर बोलायलाही झूमवर पाच मिनिटं देते. ठरलं. बोलायचं, आणि आप्पांच्या देखत.
आप्पा ८ मार्चला कराडला परत जाणार. सहा महिने इथे पोरिरुआ शहरात ताईकडे, आमच्यासोबत आहेत. पॉलिटेक्निकच्या तोंडी परीक्षेत तू तोंड उघडलं असतंस तर, हे वाक्य ते पूर्णही करत नाहीत आता. खरं आहे. सर प्रश्न विचारत होते आणि मी त्यांच्या शर्टाच्या खिशाकडे बघत होतो. पुढे कॉलेजलाच गेलो नाही. आप्पा नेहमी म्हणतात, लोकशाहीत माणसाला उभं राहून 'नाही' म्हणता आलं पाहिजे. ते जाण्याआधी मी एकदा म्हणून दाखवणार.

६ फेब्रुवारी, शुक्रवार. वाइटांगीची, म्हणजे इथल्या राष्ट्रीय दिनाची सुट्टी
पहिला मसुदा. आय स्ट्राँगली अपोज. घरात वस्तू बनवणारा माणूस आधीपासूनच संशयित कसा? चांगलं उतरलंय.
ताईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, वेडा झालास का रे? तुझी रेसिडन्सीची फाइल इमिग्रेशनकडे पडलीय आणि तू बंदुकांच्या बाजूने लिहितोयस? दाजी डिशवॉशर लावत होते. म्हणाले, नाव-पत्ता नीट लिही हां, उगाच पोलिसांना हिंडायला नको.
दाजींना विनोदाची सवय आहे. मी हसलो. मग पत्ता खोडला. पत्ता सक्तीचा आहे असं दिसलं. परत घातला.

८ फेब्रुवारी, रविवार
'स्ट्राँगली' काढलं. भीतीने नाही. शांत शब्द जास्त लागतो.
आप्पांना विषय सांगणं भागच होतं. म्हणालो, स्वनिर्मित शस्त्रांबद्दल आहे. आप्पांनी चष्मा काढला. म्हणाले, म्हणजे गावठी कट्टा? मी म्हणालो, तसं नाही. ते म्हणाले, मग कसं?
त्यांनी मोबाइलवर कराडची बातमी काढली. सापळा रचून एकास अटक. फोटोत तोंडाला फडकं बांधलेला इसम, दोन्ही बाजूंना पोलीस, पुढे टेबलावर कट्टा. आप्पा म्हणाले, हा तुझा पक्ष का?
मग मोबाइल खाली ठेवून म्हणाले, असो, बोल तू. चुकीचं असलं तरी बोल, सभा त्यासाठीच असते. पण आधी मला कलमं वाचून दाखव. न वाचता विरोध करायचा नाही, बाबासाहेबांची लेकरं आहोत आपण.

११ फेब्रुवारी, बुधवार
जेवण झालं की रोज कलमवाचन. मी मराठीत सांगतो. आप्पा विचारतात, यात वाईट काय? मी म्हणतो, पुढच्यात बघू.
पुढचंही बरंच वाटतं. प्रिंटर घरात ठेवणं गुन्हा आहे असं कलम अजून सापडलेलं नाही. शोध चालू आहे. थकवा आहे.

१५ फेब्रुवारी, रविवार
'अपोज'च्या जागी 'काही शंका आहेत' केलं. ही रणनीती आहे. थेट विरोध केला तर समोरचे सावध होतात.
इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाठिंबा मागितला. एकाने जय भीम टाकलं. दोघांनी अंगठा. शकुमावशींनी विचारलं की पडद्याचे हुक अजून विकतोस का. सुरुवात म्हणून वाईट नाही.
वेन म्हणाला, स्वीट ॲज, एकदम झकास, तू बोलशील त्या दिवशी मी तुझ्या शेजारी बसतो.

१६ फेब्रुवारी, सोमवार
पाठवलं. शेवटच्या क्षणी 'शंका'चा 'एक प्रश्न' केला. ताईने वाचलं आणि ती कपडे वाळत घालायला गेली. याचा अर्थ मुद्दा टोकदार आहे.

२६ फेब्रुवारी, गुरुवार
वेळ मिळाली! ५ मार्च, सकाळी. आप्पांनी कोट इस्त्रीला काढला. म्हणालो, आप्पा, स्क्रीनवर मी एकटाच दिसणार. म्हणाले, असू दे.
मग त्यांनी कराडला आत्याला फोन लावला. आपलं पोरगं पार्लमेंटपुढे बोलणार, सरकारच्या विरोधात. आवाज पार रस्त्यापर्यंत गेला असेल. आत्याने विषय विचारला असावा, कारण आप्पा म्हणाले, विषय मोठा आहे, तुला नाही कळायचा.
आता 'नाही' म्हणावंच लागेल.

४ मार्च, बुधवार
वेन उद्या मासे पकडायला जातोय. हवा चांगली आहे म्हणे.
आय अपोज मोठ्याने म्हणता येतं. घरात कुणी नसलं की अगदी स्वच्छ येतं.

५ मार्च, गुरुवार
झालं.
आप्पा शेजारी, कोटाची सगळी बटणं लावून. स्क्रीनवर चेहरेच चेहरे. अध्यक्षबाई म्हणाल्या, किया ओरा, बोला. मी उलट नमस्कार म्हणून किया ओरा म्हणालो. त्यानंतर कॅमेऱ्याच्या बारीक दिव्याकडे बघत राहिलो. बाई म्हणाल्या, सावकाश, घाई नाही. भल्या आहेत. घाई केली असती तर बरं झालं असतं.
शेवटी एका सभासदाला माझी कणव आली. त्याने हसून विचारलं, म्हणजे साधारण तुमचा या बिलाला पाठिंबा आहे, असं म्हणू का?
मी म्हणालो, येस. थँक यू.
पुढच्या माणसाला घेतलं.
आप्पांना इंग्रजी कळतं. जन्म तहसील कचेरीत गेला. मी म्हणालो, आप्पा, मला 'नाही' म्हणायचं होतं. ते कोटाची बटणं काढत म्हणाले, माहितीय मला. पण आवाज फुटला ना? मग बस झालं.

८ मार्च, रविवार
आप्पा गेले. एअरपोर्टवर चेक-इनच्या रांगेत पुण्याचं एक जोडपं भेटलं. आप्पांनी त्यांना सांगितलं की माझ्या मुलाने इथल्या पार्लमेंटपुढे गावठी कट्ट्यांच्या विरोधात साक्ष दिली. काका म्हणाले, वा, अशी मुलं हवीत. आप्पांनी सगळ्यांदेखत माझ्या पाठीवर हात ठेवला. ठेवूनच उभे राहिले, रांग सरकेपर्यंत. मी बॅग सरकवत होतो.
परत येताना ताई म्हणाली, मी एम.टेक. झाले तेव्हासुद्धा आप्पांनी इतका वेळ हात नव्हता ठेवला.

११ मार्च, बुधवार
वेनला कुणीतरी कमिटीपुढच्या माझ्या बोलण्याचा व्हिडिओ दाखवला. तो माझ्याशी बोलत नाही.
कमिटीच्या ऑफिसातून ईमेल आला. वेबसाइटवर माझ्या नावापुढे 'सपोर्ट्स' असं जाणार आहे. चुकीचं असेल तर शुक्रवारपर्यंत कळवा.
ब्रेकमध्ये दुरुस्ती लिहायला घेतली. तेवढ्यात आप्पांचा मेसेज. वेबसाइटची लिंक पाठव, आत्याला दाखवायचंय.
ऑफिसला उत्तर पाठवलं. सगळं बरोबर आहे. आभारी आहे.