अर्धा कॅन

प्रिय ताई,

तुला नि दाजींना वाकून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? त्यासाठी दुकानातून मनानेच गोळ्या आणून खात असशील तर आधी बंद कर. (मी कंबरेसाठी तेच करत होते, त्याचंच सांगते.)

छकुलीच्या वेळच्या बाळंतपणात चढलेलं माझं बीपी नंतर उतरलंच नाही. पाय सुजायचे, मी म्हणायचे, उभं राहून होत असेल. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं नि म्हणाल्या, बीपीने नि त्या दुखण्याच्या गोळ्यांनी किडन्या निम्म्यानेच काम करतायत. गेलं ते परत येत नाही, पण उरलंय ते सांभाळता येतं. मीठ कमी, बीपीची गोळी रोज न चुकता, आणि लघवीची तपासणी, तीही एक दिवस नि एक रात्र सगळी पांढऱ्या कॅनमध्ये साठवून.

आता आमचं घर पडलं दुधाचं. ह्यांनी उभ्या जन्मात गिऱ्हाइकाकडे अर्धा कॅन पोचवला नाही. दुपारी कॅन उचलून बघतात तर तळाशी डुचमळतंय! तेव्हापासून मी छकुलीला पाजायला बसले की हे जाऊन आपली भर घालून यायचे. मला पत्ताच नाही. (सासूबाईंना होता. त्यांना वाटलं, दोघांचीही तपासणी आहे.)

रिपोर्ट बघून डॉक्टरीणबाईंनी चष्मा पुसला. म्हणाल्या, "बाई, हे एकटीचं काम नाही." तर हे छाती काढून म्हणतात कसे, "मॅडम, पाण्याचा एक थेंब घातलेला नाही. आमच्या घरात ती सवयच नाही." मग काय घातलं ते कळल्यावर नर्स तोंडाला पदर लावून बाहेर पळाली.

मला नाही हसू आलं, ताई. घरी येऊन खूप भांडले. हे दुधाचे कॅन घासत बसले. शेवटी हळूच म्हणाले, "कमी दिसलं तर म्हणतील, हिच्या किडन्या गेल्या." मग कशी भांडणार?

पुन्हा नवा कॅन भरून दिला. या वेळी स्वतः राखण केली. बाकी सगळं ठीक. काळजी करू नकोस.

तुझी धाकटी

ता. क. आमच्याकडे आता सगळेच कमी मिठाचं खातात. सासूबाई मिठाची पुडी कनवटीला लावून जेवायला बसतात.

आणखी एक ता. क. बाकी ठीक लिहिलं ते खोटं आहे. दुसरा रिपोर्ट सोमवारीच आला. एकटी जाऊन घेऊन आले, पाकीट साड्यांच्या घडीत ठेवलंय, फोडलं नाही. ह्यांना सांगितलंय, मशीन बिघडलंय. पुढच्या बुधवारी डॉक्टरीणबाईंकडे जायचंय, त्याआधी तू ये नि तूच फोड. वाईट असलं तर आधी छकुलीला माझ्या हातातून घे, मग सांग.