एल्येसरची बुरशी, माझी झाडं

४ ऑगस्ट
मनिसालेस शहरातून कॉफी सोसायटीच्या इंजिनियरीणबाई आल्या होत्या. शेजारच्या एल्येसरच्या मळ्यात पाऊण तास. माझ्या फाटकाशी चार मिनिटं, घड्याळ लावून पाहिलं. कॉफीची फळं पोखरणारे भुंगेरे त्याने म्हणे पांढरी बुरशी फवारून मारले. ही बुरशी झाडाच्या आतसुद्धा राहते, असं बाई म्हणाल्या. मलाही थोडं विरजण दिलं. पुढच्या महिन्यात सोसायटी एका मळ्याला ‘आदर्श मळा’ पाटी देणार. फाटकावर लावायची. एल्येसरचं फाटक तर धड लागतही नाही!

५ ऑगस्ट, पहाटे
संकल्प : एल्येसरपेक्षा सरस बुरशी करणे. मी जळत नाही. फक्त झोप लागली नाही.

६ ऑगस्ट
बुरशी भातावर वाढवायची. बाईंनी नुसता भात सांगितला होता, मी मीठ, कांदा, लसूण घातला. आमच्या घरात अळणी भात कुणाला वाढत नाहीत. आग्वार्दियेन्तेच्या रिकाम्या बाटल्यांत भरला. तळाशी थेंबभर दारू होती, राहू दिली. तेवढ्याने कुणाचं वाईट झालंय? बाटल्या उकळून घ्यायच्या असतात, एल्येसरभाऊ सांगत होते, असं बायको, रुबिएला, म्हणाली. तिला तो कधी सांगत होता?

१४ ऑगस्ट
एल्येसरच्या बाटल्या पांढऱ्याशुभ्र. माझ्या हिरव्या, काळ्या, एक गुलाबी. त्याच्याकडे एकच रंग! वास मारतो, पण औषध म्हटलं की वास आलाच. भर दुपारी फवारलं, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावं म्हणून.

२ सप्टेंबर
भुंगेरे मजेत. मला शिंका. एल्येसरची नजर लागली, दुसरं काय.

१९ सप्टेंबर
जिंकलो! बाईंनी फळं चिरून पाहिली. एल्येसरच्या कुंपणालगतच्या चार ओळींत भुंगेरे मेलेले, अंगावर बुरशीचा पांढरा कापूस. बाकीच्या मळ्यात का नाही, असं बाई विचारत होत्या. शिकलेल्या माणसांना शंका फार. पलीकडून तर आली नसेल, म्हणाल्या. मी ठणकावलं, झाड माझं, तर त्यात राहणारी बुरशीही माझीच. फाटक रंगवायला काढलं. निळं.

२९ सप्टेंबर
पाटी एल्येसरला. त्याने माझ्याच वाऱ्यावर पोसलेली बुरशी चोरली, असं घरी येऊन बोललो. तेव्हा रुबिएलाने सांगून टाकलं. दर शनिवारी मी गावात बिलियर्ड खेळायला गेलो, की ऊन उतरल्यावर एल्येसर पंप घेऊन यायचा आणि माझ्या चार ओळी फवारून जायचा. पंपात पाणी हीच भरून द्यायची. मला का नाही सांगितलं, विचारलं. म्हणाली, त्यांनीच बजावलं होतं, ‘वहिनी, अर्खेमिरोला कळू देऊ नका, त्याला वाईट वाटेल.’
वाईट वाटलं. तेही त्याला माझ्या आधी माहीत होतं.